पॉवर म्हटलं की पन्नास पंप

आमच्या एअर रायफलच्या रेंजवर इतके किस्से कसे साठतात, असं मला लोक विचारतात. कारण साधं आहे. आमचा रायफलीत हवा भरायचा पंप तापतो. पन्नास वेळा मारला की त्याच्या नळीला हात लावता येत नाही, आणि मग त्याला पाच-सात मिनिटं गार होऊ द्यावं लागतं. नाहीतर आतली वायसरं जातात आणि हवेबरोबर पाण्याचा अंशही रायफलीत शिरतो. त्या पाच-सात मिनिटांत घरी कोणी जात नाही. चहा मागवायचा, बाकावर बसायचं, आणि कोणीतरी सुरू करायचं, "अरे, त्या दिवशी काय झालं माहितीये का?" एक रायफल भरेपर्यंत तीन-चार किस्से सहज होतात. कॉम्प्रेसर घेतला असता तर आम्ही जास्त चांगले नेमबाज झालो असतो, पण एकमेकांना इतकं ओळखलं नसतं.

रेंज म्हणजे फार काही डोळ्यांपुढे आणू नका. अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्याला आत वळलं की एक बंद पडलेली पिठाची गिरणी आहे. तिच्यामागे एक लांब खोली. चार जण शेजारी शेजारी उभे राहून दहा मीटरवरच्या कागदावर छर्रे मारू शकतात, एवढीच. ती चालवतात मोकाशी सर. एका कारखान्याच्या टूलरूममधून रिटायर झालेले, वय अडुसष्ट, इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खिशात मायक्रोमीटर. पेन एखाद्या वेळी विसरतील, मायक्रोमीटर नाही. आणि तो कोणाच्या हातातही देत नाहीत.

* * *

पहिला किस्सा माझाच सांगतो, म्हणजे दुसऱ्यांचे सांगायला मी मोकळा.

मी बदलापूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. आठवीला 'दाब' हा धडा गेली अठरा वर्षं शिकवतोय. रायफलीचं खूळ डोक्यात शिरलं तेव्हा महिनाभर मोबाइलवर व्हिडिओ बघून मी तयारी केली होती. पहिल्याच दिवशी सरांसमोर जाऊन म्हणालो, "सर, मला पीसीपी घ्यायची आहे. हाय पॉवरची. तुमच्याकडच्या रायफलीची पॉवर किती?"

सरांनी कोपऱ्यातला पंप आणून माझ्यासमोर उभा केला. सायकलच्या पंपासारखाच दिसतो, फक्त जाडजूड. म्हणाले, "पीसीपी म्हणजे काय, ते सांगा."

मी म्हणालो, "नळीखाली एक बाटली असते. तिच्यात आधीच हवा दाबून भरतात. घोडा ओढला की त्यातली थोडीशी हवा सुटते आणि छर्र्याला ढकलते. स्प्रिंगच्या बंदुकीसारखा झटका बसत नाही."

"बरोबर. बाटलीत दाब किती?"

"दोनशे बार. गाडीच्या टायरच्या जवळजवळ शंभर पट."

"छान. भरा."

पहिले वीस पंप मी हसत मारले. तिसाव्याला शर्ट पाठीला चिकटला. चाळिसाव्याला हँडल खाली जाईना, म्हणून मी त्याच्यावर पोटाने आडवा झालो. पन्नास झाले तेव्हा काटा जेमतेम अर्ध्यापर्यंत आला होता आणि माझे डोळे पांढरे झाले होते. सरांनी खुर्ची पुढे केली.

"पॉवर कळली? ती रायफलीत नसते, गुरुजी. ती कोणीतरी भरलेली असते."

त्या वाक्यानंतर तो शब्द सरांच्या तोंडून तीन वर्षं कोणी ऐकला नाही. त्याच संध्याकाळी भिंतीवर खडूने नियम लिहिला गेला : या खोलीत जो 'पॉवर' म्हणेल, त्याने तिथल्या तिथे पन्नास पंप मारायचे. वय, हुद्दा, पाठदुखी, काहीही चालणार नाही.

* * *

सुवर्णाताई आमच्याकडे आल्या त्या मुलीला सोडायला. बुवापाड्यात राहतात, एमआयडीसीतल्या एका औषधाच्या गोळ्यांच्या कंपनीत पॅकिंगला आहेत. मुलगी दोन आठवड्यांत कंटाळली. आई राहिली.

त्यांच्यात काय आहे ते सरांना पहिल्या दिवशी कळलं. नेम सगळेच धरतात. सुवर्णाताईंना नेम सोडता येतो. रायफल खांद्याला लावली आणि मनासारखं बसलं नाही, तर त्या मुकाट्याने खाली ठेवतात आणि पुन्हा उचलतात. मी विचारलं, "तुम्हाला राग नाही येत?" त्या म्हणाल्या, "आमच्याकडे स्ट्रिप नीट नाही आली तर बाजूला काढायची. रागवायचं कशाला?"

गेल्या वर्षी राज्य स्पर्धेच्या पात्रतेला त्यांना एक पॉइंट कमी पडला. एकच. आणि तो त्यांचा नव्हता, आमच्या रायफलीचा होता. तिच्यातला रेग्युलेटर, म्हणजे प्रत्येक वेळी सारखीच हवा सोडणारा भाग, म्हातारा झाला होता. बाटली भरलेली असताना छर्रा मधोमध बसायचा, आणि चाळिसाव्या शॉटनंतर हळूहळू खाली यायला लागायचा. शॉट मारायचे असतात साठ. सुवर्णाताई शेवटचे वीस शॉट अंदाजाने थोडा वर नेम धरून मारायच्या. तरी एकच पॉइंट गेला, हेच आश्चर्य.

आणि यंदा त्या एकदा सहज बोलल्यासारखं बोलल्या, "सर, दिवाळीनंतर आमची लाइन फिरत्या शिफ्टवर जाणार. मग संध्याकाळचं येणं नाही जमणार." म्हणजे यंदाची पात्रता झाली तर झाली. पुढे काही नाही. त्या दिवशी पंप गार होईपर्यंत कोणी किस्सा सांगितला नाही. क्लबला नवी रायफल घ्यायची, हे तिथेच ठरलं.

* * *

कोणती घ्यायची, यावर सगळ्यात मोठा आवाज लच्छूभाईंचा.

लच्छूभाई उल्हासनगरचे, बटणं आणि चेनचे व्यापारी. माणूस मोठ्या मनाचा, आणि प्रत्येक वस्तू मोठीच हवी असलेला. ते मोबाइलवरचे फोटो घेऊन आले. "सर, साईं, ये देखो. पच्चीस कॅलिबर. एवढी मोठी बाटली. सौ मीटर से मारेल."

सर म्हणाले, "लच्छूभाई, वीस जूलच्या वर ताकद गेली किंवा छर्रा पॉइंट वन सेव्हन सेव्हनपेक्षा मोठा झाला, की लायसन्स लागतं. ते नसेल तर शंभर मीटर लांब काय आहे? पोलीस स्टेशन."

"लेकिन सर, पॉवर..."

सगळ्यांनी एकदम पंपाकडे बघितलं. लच्छूभाईंनी गळ्यातली चेन काढून बाकावर ठेवली आणि पन्नास मारले. मारताना दर दहाला "झूलेलाल" म्हणत होते.

पुढच्या आठवड्यात ते एक दुर्बीण घेऊन आले. हातभर लांब. आमच्या स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही, साध्या भोकातून बघायचं असतं. पण त्यांना निदान एकदा बघायचंच होतं. लावली. डोळा लावून पाच मिनिटं उभे.

"क्या दिख रहा है?" मी विचारलं.

"मास्टरजी, अमावस दिख रही है." लांबचं बघायची दुर्बीण ती, दहा मीटरवर सगळंच काळं-धुरकट. पण व्यापारी माणूस, वस्तू वाया जाऊ देत नाही. ती दुर्बीण आता त्यांच्या दुकानाच्या माळ्यावर असते, आणि समोरच्या दुकानात गिऱ्हाईक बटण कोणत्या रंगाचं बघतंय, हे त्यांना तिथे बसून कळतं.

* * *

भोईरकाका बदलापूरच्या पुढच्या एका गावातले. भाताची शेती आणि दहा-बारा आंब्याची झाडं. ते आले ते थेट.

"मना मोठी बंदूक पायजे. पॉवरवाली. माकडा माझ्या आंब्याव बसतान."

सरांनी हात जोडून सांगितलं, "काका, जनावरावर छर्रा मारायचा नाही. गुन्हा आहे, आणि मला पटतही नाही. इथे फक्त कागद." आणि नियमाप्रमाणे पंप पुढे केला.

काकांनी धोतर सावरलं आणि सुरू झाले. पन्नास झाले. थांबले नाहीत. ऐंशी झाले. श्वाससुद्धा वाढला नाही. सरच ओरडले, "काका, पंप तापला, पंप." काकांनी काट्याकडे बघितलं आणि विचारलं, "जाली ही? आजून दुसरी हाय का भरायची?" त्या दिवसापासून ते मेंबर झाले.

महिनाभरात काका चांगले मारायला लागले. एक दिवस त्यांचे सगळे छर्रे मधल्या काळ्या वर्तुळाच्या आत बसले, तो कागद त्यांनी मागून घेतला आणि आंब्याच्या झाडाला खिळा ठोकून लावला. मोसम संपल्यावर मी विचारलं, "काय काका, माकडं यायची थांबली?"

"माकडा येतानच. त्यांना काय कागद वाचता येतं?" काका म्हणाले. "पन औंदा आंबं दुप्पट उतरलं. म्हंजे खानारी माकडा दुसरीच व्हती."

* * *

या सगळ्यात आम्हाला एकच दुःख होतं. मोकाशी सर स्वतः कधी सापडत नव्हते.

त्यांना पकडायला आम्ही काय नाही केलं! एकदा दिवे गेले. लच्छूभाई अंधारातच म्हणाले, "सर, क्या गया?" अंधारातून शांत आवाज आला, "वीज." मी त्यांना शाळेच्या पेपरातला प्रश्न म्हणून विचारलं, की कार्य भागिले वेळ म्हणजे काय? "शक्ती," सर म्हणाले, "आणि गुरुजी, तुम्ही अजून लहान आहात." तीन वर्षं झाली, आमच्यापैकी कोणी त्यांना एकदाही पंप मारताना बघितलं नव्हतं. लच्छूभाईंचा तर पक्का समज होता की सरांना पंप मारताच येत नाही.

* * *

नवी रायफल बघायला आम्ही लच्छूभाईंच्या व्हॅनमधून कल्याणला गेलो. एका माजी खेळाडूची मॅच रायफल होती, त्याने खेळ सोडला होता. आम्ही पाच जण आणि प्रत्येकाला स्वतःबद्दल खात्री.

लच्छूभाईंनी दस्त्याच्या लाकडावर नख फिरवलं, जसं कापडावर फिरवतात. "माल ओरिजिनल है." भोईरकाकांनी ती एका हाताने उचलून तोलली आणि "लान पोरासारकी हाय" म्हणाले, म्हणजे वजन पसंत. मी वेग मोजायचं यंत्र नेलं होतं. दहा छर्रे मारले, दहाही जवळजवळ एकाच वेगाने. मला इतका आनंद झाला की मी ते आकडे दोनदा वाचून दाखवले. सरांनी घोडा ओढून बघितला, नळीच्या तोंडात भिंग घालून बघितलं, मायक्रोमीटरने कुठे काय मोजलं ते देवाला माहीत, आणि शेवटी चष्मा काढला. सरांनी चष्मा काढला की झालं.

"घेऊ या," सर म्हणाले. हस्तांदोलन झालं. चहा आला.

सुवर्णाताईंनी मग रायफल मांडीवर घेतली आणि बाटली उलटी फिरवली. अंगठा एका बारीक कोरलेल्या ओळीवर ठेवला. ओठ हलत होते.

"सर," त्या हळूच म्हणाल्या, "ही एक्सपायर झालीय."

सगळे वाकले. खरंच, बाटलीवर वापरायची शेवटची तारीख कोरलेली होती आणि ती उलटून गेली होती. अशी बाटली वापरणं धोक्याचं, आणि स्पर्धेत तपासणीच्या टेबलावरच रायफल बाजूला काढली असती. सुवर्णाताई स्पर्धेच्या दारातून परत आल्या असत्या. आम्ही चौघांनी मिळून सगळं तपासलं होतं, फक्त वाचलं नव्हतं. मी तर शिक्षक. मला खरंच शरम वाटली.

"तुम्हाला कसं सुचलं?" मी विचारलं.

"दिवसभर तेच करते ना, गुरुजी. तारीख आणि बॅच नंबर. हातात काहीही आलं की आधी ते बघते. घरी बिस्किटाचा पुडासुद्धा मुलगी माझ्यापासून लपवून खाते."

तो खेळाडू बिचारा भला माणूस. त्याच्याही लक्षात नव्हतं. त्याने कपाटातून दुसरी, नवी बाटली काढून दिली. सुवर्णाताईंनी ती खिडकीपाशी नेली, फिरवली, वाचली आणि टेबलावर ठेवली. "पास," म्हणाल्या. मोकाशी सरांनी चष्मा पुन्हा घातला.

* * *

जुलैत ती रायफल दोन दिवस माझ्या घरी होती. सरांनी माझ्या यंत्रावर तिचे शंभर शॉट मोजून आणायला सांगितलं होतं. मी बदलापूरला नदीकाठच्या मांजर्लीत राहतो, तळमजल्यावर. ज्यांना मांजर्ली माहीत आहे, त्यांना पुढचं सांगायला नको.

पहाटे नदीचं पाणी सोसायटीच्या गेटमधून आत आलं. मी रायफलीची पेटी डोक्यावर घेतली आणि थेट दुसऱ्या मजल्यावर कुलकर्ण्यांच्या दिवाणावर नेऊन ठेवली. मग यंत्र. मग छर्र्यांचे डबे. मग सुवर्णाताईंना फोन लावला, कारण त्यांना काळजी वाटत असणार. "ताई, रायफल सुखरूप आहे. एक थेंब लागला नाही."

पलीकडून त्यांनी विचारलं, "आणि वहिनी कुठायत?"

वहिनी खाली होत्या. गुडघाभर पाण्यात, एका हाताने गॅसचा सिलिंडर आणि दुसऱ्या हाताने फ्रिजचं दार धरून. मी धावत खाली गेलो. बायको काहीच बोलली नाही. चार दिवस. पाचव्या दिवशी चहा मागितला तेव्हा म्हणाली, "तिलाच सांगा ना. कोरडी आहे."

* * *

पात्रतेची स्पर्धा दसऱ्याच्या आधी होती. पुन्हा व्हॅन, पुन्हा आम्ही पाच जण. बाटली अर्धीसुद्धा भरलेली नव्हती, कारण तिथे कॉम्प्रेसर आहे, असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं. कॉम्प्रेसर होताही. त्याच्यावर कागद चिकटवला होता : बंद आहे.

सुवर्णाताईंची पाळी पाऊण तासावर. त्यांनी स्वतः पंप मारायचा प्रश्नच नव्हता. हात थरथरतात, छाती धडधडते, आणि मग दहा मीटरवरचा तो दहा पॉइंटांचा, टाचणीच्या टोकाएवढा ठिपका नाचायला लागतो. तेवढ्यात भोईरकाका व्हॅनकडून पंप खांद्यावर घेऊन येताना दिसले. सकाळी मी त्यांना हसलो होतो, तरी त्यांनी तो आणला होता. "आपला पंप आपल्यासंग," एवढंच म्हणाले.

काकांनी पन्नास मारले. पंप तापला. थांबलो. मी पन्नास मारले. थांबलो. लच्छूभाईंनी चेन काढली. आजूबाजूला महागडे किट घातलेली मंडळी आमच्याकडे टकामका बघत होती. सुवर्णाताई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या, आणि सर त्यांच्या बाजूला उभे राहून त्यांची पाण्याची बाटली धरून होते. पुकारा झाला तेव्हा काटा दोनशेला होता.

साठ शॉट. प्रत्येक छर्रा कुठे लागला ते पडद्यावर लगेच दिसत होतं; पहिल्या दहात दोन मधल्या ठिपक्यापासून लांब गेले. सर नखं खायला लागले, जे आम्ही कधी बघितलं नव्हतं. मग त्या सावरल्या. चाळिसावा शॉट आला तेव्हा आम्ही चौघेही सवयीने पडद्याच्या खालच्या बाजूला बघत होतो. छर्रा खाली आला नाही. पंचेचाळीस, पन्नास, नाही आला. शेवटच्या शॉटला मी मनातल्या मनात हिशेब केला. नऊ आला तर पात्रतेच्या आकड्याशी बरोबरी, म्हणजे पात्र. आठ आला तर पुन्हा एक पॉइंट कमी.

सुवर्णाताईंनी रायफल उचलली. खाली ठेवली. पुन्हा उचलली. पुन्हा खाली ठेवली. घड्याळात दीड मिनिट उरलं होतं. तिसऱ्यांदा उचलली, गाल टेकवला आणि तिसऱ्यांदाही खाली ठेवली. लच्छूभाईंनी डोळे मिटले. चौथ्यांदा उचलली.

पडद्यावर दहा आला.

भोईरकाका टोपीने डोळे पुसत होते. सुवर्णाताईंनी रायफल ठेवली, हातमोजा काढला आणि आमच्याकडे चालत आल्या. मोकाशी सर अजून त्या पडद्याकडेच बघत होते.

"सुवर्णा," ते म्हणाले, "काय पॉवर आहे गं तुझी."

हॉलमध्ये बाकी सगळे बोलत होते. आम्ही चौघे थांबलो. सरांनाही मग ते कळलं.

भिंतीला टेकवलेला पंप सुवर्णाताईंनी उचलला, आणून सरांसमोर उभा केला आणि हँडल त्यांच्याकडे वळवलं.

सरांनी मनगटावरचं घड्याळ काढलं. खिशातला मायक्रोमीटर काढला आणि माझ्या हातात दिला. मग पंपाच्या पट्टीवर दोन्ही पाय ठेवले, आणि भोईरकाकांनी मोजायला सुरुवात केली, "एक..."